घरी बाइकचं ऑइल बदलताना गडबड झाली तर काय करायचं

घरी ऑइल कसं बदलायचं हे आता कुणीही दाखवतं, इंजिनच्या खालचा बोल्ट खोला, जुनं काढा, नवीन ओता, झालं. पण बोल्ट फिरतच राहिला तर काय, घमेलं लवंडलं तर काय, ऑइल जास्त पडलं तर काय, हे कुणी सांगत नाही आणि नवीन माणूस नेमका तिथेच घाबरतो. मी १० - १२ वर्षं माझी स्प्लेंडर आणि घरातली ॲक्टिव्हा दोन्ही घरीच करतोय आणि खाली लिहिलेल्या बऱ्याचशा चुका माझ्या हातून झालेल्या आहेत, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात बसवा. काही चुकलं असं वाटलं की गाडी चालू करायची नाही. इंजिन बंद आहे तोपर्यंत जवळपास प्रत्येक चूक थोडक्या पैशांत आणि थोड्या वेळात निस्तरता येते, खरं नुकसान होतं ते "बघू चालू करून काय होतंय ते" ह्यात.

दुसरं म्हणजे वेळ. पहिल्यांदा करत असाल तर शनिवारी सकाळी करा, रविवारी दुपारी नको. बोल्ट खराब झाला, त्याच्याखालचा वायसर (वॉशर) हरवला तर स्पेअर पार्टचं दुकान उघडं पाहिजे आणि तिथे जायला घरात दुसरी गाडी किंवा एखादा मित्र पाहिजे. पुण्यात असाल तर नाना पेठेत सगळं मिळतं पण तिथे जाणार कशावर, तुमची गाडी तर उघडी पडलीय.

सुरू करायच्या आधी हे जवळ ठेवा

तुमच्या गाडीच्या मापाची गोटी, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारा सॉकेट पाना (स्प्लेंडरला १७ नंबर लागते, बाकीच्यांना बोल्टवर लावून बघा), नवीन वायसर, पसरट घमेलं किंवा जुनं तसराळं, नरसाळं, ४ - ५ फडकी, जुने पेपर, हातमोजे आणि एक पिशवी भुसा. भुसा म्हणजे लाकडाचा, कुठल्याही वखारीत किंवा सुताराकडे मागितला तर देतात. तो आधी आणून ठेवायचा, सांडल्यावर शोधायला नाही जायचं. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी पण आणून ठेवा, कशाला ते पुढे कळेल.

गाडी डबल स्टँडवर, सपाट जागेवर. इंजिन ३ - ४ मिनिटं चालवून कोमट करा म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट निघतं. लांबून गाडी चालवून आलात तर मात्र अर्धा तास थांबा, नाहीतर ऑइलही भाजतं आणि बाजूचा सायलेन्सर तर हमखास भाजतो. भाजलंच तर आधी नळाचं साधं वाहतं पाणी १५ - २० मिनिटं, टूथपेस्ट किंवा हळद लावत बसू नका.

बोल्ट निघत नाहीये

पहिलं कारण, तुम्ही उलट्या बाजूला फिरवताय. हे खूप जणांचं होतं कारण बोल्ट खाली आहे आणि आपण वरून वाकून बघतोय त्यामुळे दिशा उलटी दिसते. बोल्टच्या डोक्याकडे समोरून बघतोय असं धरा, म्हणजे गाडीखाली आडवे पडून वर बघताय असं, आणि मग घड्याळाच्या उलट फिरवा. जोर लावायच्या आधी हे दोनदा तपासा कारण आधीच घट्ट असलेला बोल्ट अजून आवळला तर आटे जातात.

दुसरं कारण, आधी कुणीतरी लांब पाइप लावून आवळलेला असतो. मी सेकंडहँड घेतलेल्या एका बाइकचा बोल्ट असाच होता. तिथे स्क्रू पाना किंवा पक्कड अजिबात लावू नका, डोकं गोल होतं. सहा कोनांची गोटी घ्या, नीट आत बसवा, हँडलला तळहाताने एक झटका द्या, हळूहळू जोर देण्यापेक्षा छोटा झटका बरा. तरी नाही निघाला तर गंज सोडवायचा स्प्रे मारून १५ मिनिटं थांबा आणि परत करा. डोकं गोल व्हायला लागलंय असं दिसलं की तिथेच सोडा. ऑइल अजून आतच आहे, गाडी चालवत मेकॅनिककडे जाता येतं आणि त्याचं १० मिनिटांचं काम आहे. हट्टाने पूर्ण गोल केलात तर मग छिन्नी, वेल्डिंग वगैरे सुरू होतं.

बोल्ट घमेल्यात पडला, हातावर ऑइल आलं

हे तर होणारच, आणि ह्यात काही बिघडत नाही. शेवटचे दोन आटे राहिले की बोल्ट इंजिनकडे दाबून धरून फिरवायचा आणि मग एकदम बाजूला घ्यायचा, हे दोन-तीन वेळा केलं की जमतं. पडलाच तर लोहचुंबक दोरीला बांधून घमेल्यात फिरवा, बोल्ट लगेच येतो. पण वायसर येत नाही, कारण तो ॲल्युमिनियमचा नाहीतर तांब्याचा असतो आणि त्याला चुंबक लागत नाही. त्यासाठी जुन्या चहाच्या गाळणीतून ऑइल गाळा (ती गाळणी परत स्वयंपाकघरात न्यायची नाही).

वायसर सापडलाच पाहिजे. कधीकधी तो घमेल्यात नसतोच, तर वर इंजिनच्या केसिंगलाच, म्हणजे बाहेरच्या कवचालाच, चिकटून राहिलेला असतो आणि आपण बोल्टला नवीन लावून बसवतो, मग एकावर एक दोन वायसर होतात आणि ऑइल गळायला लागतं. बोट फिरवून बघा, टॉर्च मारून बघा.

काही स्कूटर आणि बाइकना बोल्टच्या किंवा मोठ्या झाकणाच्या मागे स्प्रिंग आणि जाळी असते, ती एकदम बाहेर उडी मारते. कुठला भाग कुठल्या क्रमाने निघाला त्याचा मोबाइलवर फोटो काढत जा. नाही काढलात आणि सगळं घमेल्यात पडलं तर अंदाजाने बसवू नका, तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा त्याच मॉडेलचा व्हिडिओ बघा, स्प्रिंग उलटी बसली तर जाळी जागेवर राहत नाही.

स्कूटरवाल्यांनी हे दोनदा वाचा

ॲक्टिव्हासारख्या स्कूटरला दोन वेगवेगळी ऑइल असतात. एक इंजिनचं, सातशे-आठशे मिलीच्या आसपास, आणि दुसरं मागच्या चाकाजवळच्या गिअर बॉक्सचं, शंभर-सव्वाशे मिली. दोघांचे बोल्ट वेगळे. नवीन माणूस चाकाजवळचा बोल्ट खोलतो, थोडंसं ऑइल येतं, त्याला वाटतं अरे इतकंच होतं, बरं झालं बदलतोय, आणि वरून आख्खी बाटली इंजिनात ओततो. म्हणजे गिअर बॉक्स कोरडा आणि इंजिनात दुप्पट ऑइल.

माझ्या आतेभावाचं हे झालं होतं. त्याने फोन केला तेव्हा गाडी चालू केली नव्हती म्हणून वाचला. ओळखायचं कसं, तर जुनं ऑइल कपभरच निघालं आणि ते काळं नसून मधासारखं दिसतंय, तर तुम्ही गिअर ऑइल काढलंय. मग गिअर बॉक्समधे नवीन गिअर ऑइल मॅन्युअलमधल्या मापाने भरा, इंजिनचा खरा बोल्ट शोधा, सगळं ऑइल काढा आणि नव्याने मोजून भरा. एक बाटली वाया जाते, तेवढंच. जुन्या-नव्याची सरमिसळ झालेलं ते ऑइल वाचवायला जाऊ नका.

आटे गेले

ही सगळ्यात जास्त जिव्हारी लागणारी चूक आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. बोल्ट लोखंडी आणि इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं, म्हणजे जोर लावला की हरणार ते केसिंगच. बोल्ट आवळताना घट्ट होत होत अचानक सैल लागला, फिरतच राहिला, किंवा बाहेर काढल्यावर त्याच्या आट्यांत चंदेरी तारेसारखा कीस दिसला की समजा आटे गेले.

इथे लोक काय करतात तर टेफ्लॉन टेप गुंडाळतात, एम-सील लावतात, आणि "गळत नाही ना" म्हणून गाडी काढतात. कृपा करून हे करू नका. तो बोल्ट रस्त्यात गरम झाल्यावर कधी पडेल सांगता येत नाही, पडला की सगळं ऑइल मिनिटभरात तुमच्याच मागच्या टायरवर येतं, आणि पुढे काय होऊ शकतं ते मला लिहायचीही इच्छा नाही. शिवाय टेपचे तुकडे आत जाऊन जाळीत अडकतात ते वेगळंच.

ह्यावर चांगले इलाज आहेत. एक, थोडा मोठा ओव्हरसाइज बोल्ट. दोन, जुने आटे काढून, टॅप मारून आत स्टीलचे नवीन आटे बसवणं, त्याला हेलिकॉइल म्हणतात, काही ठिकाणी बुश मारणं म्हणतात. नीट केलं तर मूळच्या आट्यांपेक्षा पक्कं होतं. हे घरी करू नका, कीस इंजिनात पडतो, तो कसा काढायचा हे ज्याला माहितीये त्यानेच करावं. मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर गाडी ढकलत न्या किंवा छोट्या टेम्पोत टाका.

आणि हे होऊच नये म्हणून, बोल्ट आधी फक्त बोटांनी लावायचा. निदान तीन-चार आटे बोटांनी सहज फिरले पाहिजेत, नाही फिरले तर तो तिरका लागतोय, काढून परत लावा. मग गोटीचं हँडल मधे पकडून, टोकाला नाही, वायसर दबल्याचं जाणवेपर्यंत आवळा आणि थोडंसंच पुढे. टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लावायचा ते आकड्याने ठरवता येणारा पाना, असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा, सगळा प्रश्नच मिटला.

ऑइल जास्त झालं किंवा कमी पडलं

१०० ते १२५ सीसीच्या बहुतेक बाइकना पाऊण ते एक लिटर लागतं. गोंधळ असा की मॅन्युअलमधे दोन आकडे असतात, एक नुसतं ऑइल बदलताना आणि दुसरा पूर्ण इंजिन खोलून बांधताना, दुसरा जास्त असतो. बाटली पण बरेचदा त्या मोठ्या मापाची मिळते, म्हणून आख्खी ओतली की जास्त होतं. थोडं मागे ठेवून ओता आणि मग काडी बघा, म्हणजे भरायच्या झाकणाला असलेली, ऑइलची लेव्हल दाखवणारी डिपस्टिक.

काडी बघायची पण पद्धत आहे. स्प्लेंडर, ॲक्टिव्हा ह्यांना काडी पुसून आत नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, तेव्हा खरी लेव्हल कळते. आटे फिरवून बघितलं तर काडी जास्त आत जाते आणि आहे त्यापेक्षा जास्त ऑइल दिसतं. काही गाड्यांना काडीऐवजी केसिंगवर गोल काच असते, ती बघताना गाडी सरळ उभी पाहिजे, साइड स्टँडवर नाही. नवीन ऑइल भरून ३ मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, २ - ३ मिनिटं थांबा, मग बघा.

जास्त झालं असेल तर आता ती सिरिंज आणि नळी. नळी भरायच्या भोकातून आत सोडायची, ५०-५० मिली ओढून काढायचं, दर वेळी काडी बघायची. खालचा बोल्ट सैल करून "थोडंसं" काढायचा प्रयत्न करू नका, थोडंसं कधीच निघत नाही. जास्त ऑइल तसंच ठेवलं तर आत फेस होतो, दाब वाढतो, ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या पाइपातून एअर फिल्टरमधे ऑइल येतं, निळसर धूर, आणि सील गळायला लागतात.

आणि ऑइल भरायचंच विसरून गाडी चालू केली तर? होतं असं, मधेच फोन येतो, कुणी बोलावतं. स्प्लेंडर किंवा ॲक्टिव्हाला ऑइलचा दिवा नसतो त्यामुळे गाडी काही सांगत नाही. पाच-दहा सेकंदांत लक्षात आलं तर लगेच बंद करा, ऑइल भरा, चालू करून आवाज ऐका, आत जुन्या ऑइलचा पातळ थर असतो त्यामुळे सहसा निभावतं. मिनिटं गेली असतील किंवा गाडी चालवली असेल, किंवा आता टकटक, घर्रर्र असा नवीन आवाज येतोय, तर परत चालू न करता मेकॅनिकला दाखवा. मी आता किल्ली घरात ठेवूनच कामाला बसतो आणि ऑइल भरून काडी बघितल्याशिवाय ती खाली आणत नाही.

चुकीचं ऑइल गेलं

घरात कारचं ऑइल पडलेलं असतं आणि तेच बाइकमधे जातं. गिअरवाल्या बाइकचा क्लच इंजिन ऑइलमधेच बुडालेला असतो, कारच्या बऱ्याच ऑइलमधे घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, म्हणून क्लच घसरायला लागतो, रेस दिली की आवाज वाढतो पण गाडी पळत नाही. बाइकच्या बाटलीवर जासो एमए (JASO MA) किंवा एमए२ लिहिलेलं असतं, स्कूटरच्या बाटलीवर बरेचदा एमबी. एमबी बाइकमधे नको. गेलंच तर काढून टाका आणि योग्य भरा. क्लच घसरायला लागला असेल तरी एक-दोनदा बदलल्यावर बहुतेक वेळा ताळ्यावर येतो.

अजून एक, आपल्याकडे जुनी माणसं इंजिनात रॉकेल किंवा डिझेल घालून "धुऊन" घ्यायला सांगतात. मान ठेवून ऐका पण करू नका. ते सगळं बाहेर येत नाही, जे आत उरतं ते नवीन ऑइलला पातळ करतं.

सांडलं

माझ्या पहिल्याच वेळी पायाने घमेलं लवंडलं आणि सोसायटीच्या पार्किंगमधल्या शहाबादी फरशीवर काळं ऑइल पसरत शेजारच्या काकांच्या स्कूटरखाली गेलं. मी घाबरून बादलीभर पाणी ओतलं. तीच मोठी चूक, ऑइल पाण्यावर तरंगून तिप्पट जागेत पसरलं.

पाणी आधी कधीच नाही. कडेने भुशाचा बांध घाला, मग मधे भुसा टाका, वरून चपलेने दाबा, अर्धा तास राहू द्या, खराट्याने गोळा करा, परत एकदा कोरडा भुसा टाकून घासा. भुसा नसेल तर कोरडी माती, राख किंवा वाळू. त्यानंतर कपड्यांची डिटर्जंट पावडर कोरडीच जाड थरात पसरा, अगदी थोडं पाणी शिंपडून ताठ ब्रशने घासा, फडक्याने टिपा. धुवायची पाळी आली तरी ते पाणी थेट गटारात सोडू नका.

शहाबादी आणि पेव्हर ब्लॉक ऑइल पितात म्हणून डाग राहतो. त्यावर मुलतानी माती, चेहऱ्याला लावायची तीच, स्वस्तातली सुटी घ्या, पाणी आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घालून घट्ट लेप करा, डागावर बोटभर जाडीने लावा, वर प्लॅस्टिक टाका, दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून वाळू द्या आणि खरवडा. दोन-तीनदा केलं की डाग बराच फिका होतो. आणि ज्यांच्या गाडीखाली गेलंय त्यांना स्वतःहून जाऊन सांगा, त्यांचा पाय घसरायच्या आधी. काका रागावले नाहीत, उलट भुसा त्यांनीच आणून दिला.

ऑइल टायरवर उडालं असेल तर डिटर्जंटने दोनदा घासून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि पहिले काही किलोमीटर हळू, वळणावर गाडी झोपवू नका. डिस्क ब्रेकच्या थाळीवर उडालं तर ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडमधे मुरलं असेल तर पॅड बदलाच, घासून उपयोग नाही. सायलेन्सरवर थेंब पडले तर चालू केल्यावर धूर येईल, थंड झाल्यावर पुसा.

हातांना पेट्रोल लावून धुऊ नका. खोबरेल तेल चोळून काळं सुटू द्या, मग डाळीचं पीठ किंवा साखर आणि भांड्यांचा साबण. हातमोजे घातले असते तर हे करावंच लागलं नसतं, जळकं ऑइल रोज-रोज कातडीला लागणं खरंच वाईट असतं. कपड्यांवरचा डाग आधी टाल्कम पावडरने शोषून घ्या, मग भांड्यांचं लिक्विड चोळा, डाग जाईपर्यंत इस्त्री नको, पक्का होतो.

जुन्या ऑइलचं काय

कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका. घरात लहान मुलं असतील तर हे अजिबातच नको, गावी असं झालेलं मला माहीत आहे. नवीन ऑइलच्या रिकाम्या कॅनमधेच भरा, वर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं, ते नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं. आपल्यासाठी सोपा मार्ग म्हणजे ज्या गॅरेजमधे जुन्या ऑइलचा ड्रम आहे तिथे विचारून नेऊन देणं, मला तरी अजून कुणी नाही म्हणालेलं नाही. त्यात पाणी, रॉकेल किंवा कूलंट मिसळू नका, नाहीतर ते पुढे साफ करून वापरता येत नाही. दाराला वाळवी लागू नये म्हणून लावणं, गुरांच्या खरजेवर लावणं हे गावाकडे अजून चालतं, पण त्यात धातूचा कीस आणि जळालेली रसायनं असतात, जनावर ते चाटतं. आणि गटारात ओतलं की पहिल्या पावसात नाल्यातून थेट नदीत.

ओतून देण्याआधी जुन्या ऑइलकडे एकदा नीट बघा मात्र. काळं असणं ठीक आहे. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसत असेल तर आत पाणी गेलंय, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे होतं, मग नवीन भरलेलंही थोडं चालवून परत बदलावं लागतं. बारीक चमक चालते, पण नखात पकडता येतील असे धातूचे तुकडे दिसले तर ते कागदावर घेऊन मेकॅनिकला दाखवा.

सगळं झाल्यावर गाडीखाली स्वच्छ पेपर अंथरून रात्रभर राहू द्या. सकाळी पेपरवर बोल्टच्या बरोबर खाली थेंब दिसला तर बोल्ट अगदी किंचित आवळा, पेपर बदला. परत थेंब आला तर आवळत बसू नका, वायसर चुकलाय, ऑइल स्वच्छ भांड्यात काढून वायसर बदला आणि तेच ऑइल गाळून परत भरा. पेपर कोरडा असेल तर किलोमीटरचा आकडा आणि तारीख वहीत लिहा, आणि ५० किलोमीटर झाल्यावर एकदा परत काडी बघा.